शिट्टी नको, आवाज दे

"टाक्यावाले ना हे?"

माझ्या मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"न्हाई ओ. होड्या बनवायचे."

"होड्या? चाकणला? तिथं पाणी कुठाय?"

काका, तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चालू होता. संत तुकाराम नगरचं बुद्धविहार पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं, समोर टेबलावर तुमचा फोटो आणि मेणबत्त्या. वंदना संपली होती. लोक एकेक करून उठत होते आणि तुमच्याबद्दल दोन शब्द बोलत होते. मी मागं वळून पाहिलं नाही, पण हसू आलं आणि मी मान खाली घातली. तुम्ही असतात तर खुर्चीसकट वळला असतात. "पाणी नाही म्हणून तर टाक्या खपतात, राव," असं म्हणाला असतात, आणि अख्ख्या विहारात ऐकू गेलं असतं.

मग माईक आमच्या रांगेत आला. कंपनीतले तुमचे जुने सोबती बोलून झाले होते, बाबाही बोलले. बाबांनी माईक माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी धरला, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि शेजारच्या बाईंकडे दिला. कुणाला नवल वाटलं नाही. मला ओळखणाऱ्यांना माझ्याकडून तेवढंच अपेक्षित असतं.

तो फोटो मी ओळखला होता. मोशीच्या प्रदर्शनातल्या आपल्या स्टॉलवरचा. मूळ फोटोत आपण दोघं आहोत, मागे पिवळी कयाक, आपली लांबट होडी, उभी आहे. कापताना मला काढून टाकलंय, पण नीट कापलं गेलेलं नाही. फोटोच्या कडेला माझ्या निळ्या टी-शर्टची बाही तेवढी राहिली आहे. सगळे तुमच्याबद्दल बोलत होते आणि मी त्या बाहीकडे बघत होते.

तिथं जे बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे. मराठीतच लिहिते. तुम्ही माझ्या इंग्रजी शाळेला नेहमी हसायचात. "हिला अठ्ठावन्न म्हटलं की ही आधी मनात इंग्रजीत आकडा काढते, मग टाकी मोजते," असं शेडमधल्या संभाजीभाऊंना सांगायचात. खरं होतं ते. अजूनही तसंच करते.

इंजिनिअरिंग संपल्यावर मी एकामागून एक इंटरव्ह्यू देत होते आणि प्रत्येक ठिकाणी टेबलापलीकडच्या माणसांकडे बघत गप्प बसून परत येत होते. बाबांनी तुम्हाला सांगितलं असणार. तुमचा फोन आला. "कॅटलॉग लिहायचाय. इंग्रजी लिहिता येतं ना तुला?" मी मान हलवली. तुम्ही थोडं थांबलात. "अगं, फोनवर मान हलवलीस तर मला कसं दिसणार?" माझ्या आयुष्यातला सर्वांत छोटा इंटरव्ह्यू तो. आणि मी पास झालेला पहिलाच.

पहिल्या दिवशी तुम्ही मला शेड दाखवलीत. साच्यात प्लास्टिकची पावडर ओतायची, साचा आवळून बंद करायचा, भट्टीत फिरवत ठेवायचा. पावडर वितळते आणि आतल्या बाजूला सगळीकडे सारखी चिकटते. थंड करून साचा उघडला की आत अखंड, पोकळ टाकी. तुम्ही वर्षानुवर्षं हेच करत होतात. मग धरणाकाठच्या कुणा कॅम्पवाल्यानं चिरलेली परदेशी कयाक दुरुस्तीला आणली. तुम्ही कोपरापर्यंत हात आत घातलात, चाचपलंत आणि म्हणालात, "ही तर लांबट टाकी आहे." त्या वाक्यातून तुमचा नवा धंदा निघाला. काकू म्हणतात, त्याच वाक्यानं त्यांची झोपही गेली.

मोशीचं ते प्रदर्शन माझं पहिलंच. आपला स्टॉल कोपऱ्यात, एका बाजूला तंबूवाले, दुसऱ्या बाजूला दोरखंड आणि हेल्मेटवाले. कयाक टेम्पोतून उतरवली, गोणपाट काढलं, उभी केली आणि मला घाम फुटला. होडीच्या पोटावर काळ्या शाईत मोठ्ठं छापलेलं: ३०० लि. त्याखाली गोल स्टिकर, 'पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित'. पॅकिंगच्या मुलींनी सवयीनं स्टेन्सिल मारलं होतं. शेडमधून जे बाहेर पडतं त्यावर लिटर छापायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक. संभाजीभाऊंनी डोक्याला हात लावला. "आता ह्येला नळ बी लावा," म्हणाले.

पहिलाच माणूस आला, होडीला हात लावून म्हणाला, "किती लिटरची?" आणि स्वतःच हसला. मी कॅटलॉगच्या गठ्ठ्याआड सरकले. पण मला एक गोष्ट माहीत होती, परदेशी कॅटलॉग वाचून वाचून कळलेली. मी तुमच्या कानाशी येऊन पुटपुटले, "काका, कयाकचा आकार खरंच लिटरमध्ये सांगतात. आतली एकूण जागा. आणि आपली जवळपास तेवढीच भरते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग छाती पुढे काढलीत.

"तीनशे लिटर!" तुमचा आवाज तंबूवाल्यांच्याही पलीकडे गेला. "जगात कुठंही जा भाऊ, कयाक लिटरवरच मोजतात. सामान किती मावणार, माणूस किती वजनाचा चालणार, सगळं त्यावर. आम्ही वर छापूनच देतो, लपवाछपवी नाही."

"आणि पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित?"

"तहान लागली तर होडी चाटायची," तुम्ही म्हणालात.

त्या दिवसापासून प्रदर्शनात आपली पद्धत ठरून गेली. मी तुमच्या शेजारी उभी राहायचे. कुणी सीटबद्दल विचारलं, पाय टेकवायची पट्टी मागेपुढे कशी होते विचारलं, झाकणातून पाणी शिरतं का विचारलं, की मी हळूच सांगायचे आणि तुम्ही मोठ्यानं. संध्याकाळी उसाचा रस घेताना तुम्ही म्हणालात, "मी तुझा भोंगा झालो. लोक भोंग्यालाच हुशार समजतायत, तुला चालतंय का?" मला अगदी चालत होतं. तेव्हा नीट सांगता आलं नाही, पण आत्ता सांगते: माझं म्हणणं कुणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकतंय आणि जसंच्या तसं पुढे पोचवतंय, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

तुमचा एक नियम होता. कुठलीही नवी होडी विकायच्या आधी शेडमधल्या माणसांनी तिच्यात बसायचं. नुसतं बसून फोटो काढायचा नाही. सामान भरायचं, भामा आसखेडच्या धरणात न्यायची, पलीकडच्या काठाला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी वल्ही मारत परत यायचं. भट्टीवरचे, पॅकिंगचे, टेम्पोवाला आणि मी. काकू कधी आल्या नाहीत. "मला पाण्याची भीती आणि यांच्या ओरडण्याची लाज," असं त्या म्हणायच्या.

ओरडण्याचं असं होतं की सगळ्यांत मागची होडी तुमची. पुढे कुणी कितीही पळो, तुम्ही शेवटी. आणि तुमची होडी काठाला टेकली की तुम्ही हाक द्यायचात, "शेवटची लागली!" ती हाक आल्याशिवाय कुणी लाइफ जॅकेट काढायचं नाही, डबा उघडायचा नाही. सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहायचे.

मी एकदा विचारलं होतं, हे कुठून आलं? तुम्ही म्हणालात, प्रेस शॉपमधून. कंपनीत तुम्ही पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर होतात. पत्रा ठेवायला दोघं, बटणावर एक. पत्रा ठेवणाऱ्यानं "हात बाहेर!" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मशीनला सेन्सर आले, दिवे आले, तरी तुमच्या शिफ्टमध्ये हाक बंद झाली नाही. "दिवा लागला म्हणजे दिवा लागला. माणूस बोलला म्हणजे माणूस शाबूत आहे," तुम्ही म्हणाला होतात. शेडमध्ये साचा आवळतानाही तेच, पाण्यावरही तेच.

मग ती धुक्याची सकाळ. तुमचा खांदा धरला होता म्हणून तुम्ही पुढच्या होडीत बसलात आणि शेवटची होडी मला दिलीत. धुकं पाण्यावर इतकं खाली उतरलं होतं की वल्ह्याचं पुढचं टोक दिसत नव्हतं. मी घाबरले नव्हते. मागे राहणं मला आवडतं, सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि आपल्याकडे कुणी बघत नाही. काठ लागला तेव्हा तुम्ही सगळे गढूळ सावल्यांसारखे उभे होतात. मी लाइफ जॅकेटची शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली. दोनदा.

संभाजीभाऊ वळले, बाकीचे जॅकेट सोडायला लागले. तुम्ही हलला नाहीत. पाण्याकडे डोळे लावून तसेच उभे. मी होडी ओढत अगदी तुमच्यासमोर आले तेव्हा तुम्ही दचकलात. आणि मग चिडलात. मी तुम्हाला त्याआधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"हाक का नाही दिलीस?"

"शिट्टी वाजवली की."

"शिट्टी नको, आवाज दे."

"काका, शिट्टी आवाजापेक्षा लांब जाते. म्हणून तर जॅकेटला लावलेली असते. सगळीकडे हेच शिकवतात."

"आपल्यात आवाज द्यायचा."

"पण का?"

"मी सांगतोय म्हणून."

"ओरड की माय एकदाची," संभाजीभाऊ मधे पडले, "भाकरीला मुंग्या लागायल्यात."

मी ओरडले नाही. मी बरोबर आहे हे मला माहीत होतं, आणि बरोबर असले की मी फार हट्टी होते, हे एव्हाना तुम्हालाही माहीत झालं होतं. त्या दिवशी डबे हाक न येताच उघडले गेले.

परत येताना चाकण चौकात टेम्पो अडकला. टपावर होड्या बांधलेल्या, पुढेमागे कंटेनर, शेजारच्या कंपनीच्या बसमधली माणसं खिडकीतून आपल्या होड्यांचे फोटो काढत होती. तुम्ही शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरलीत. "तुला वाटतंय, मी तुला धीट करायला बघतोय."

मी म्हटलं, "हो."

"तसं नाही गं," तुम्ही म्हणालात. पुढे काहीतरी बोलणार होतात. तेवढ्यात मागच्या कंटेनरनं हॉर्न दिला, टेम्पो हलला आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

नंतर त्या भांडणाचा आपण खेळ करून टाकला. कॅटलॉगमध्ये होडीसोबतच्या वस्तूंत मी 'शिट्टी' लिहायचे, तुम्ही पेनानं खोडायचात, मी पुन्हा लिहायचे. छापील कॅटलॉगमध्ये ती आहे. तुम्ही छापून आल्यावर बघितलंत आणि नुसतं "हं" केलंत. पण पुढच्या ट्रिपांना शेवटची होडी पुन्हा तुमच्याकडे गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

शेवटचं आपण बोललो ते शेडमध्ये. दोन सीटची लाल होडी साच्यातून नुकतीच निघाली होती, अजून कोमट होती. तुम्ही तिच्यावरून हात फिरवत होतात. "हिच्या ट्रिपला शेवटची तू घे," म्हणालात. मी म्हटलं, "बघू." तुम्ही हसलात आणि भट्टीकडे गेलात. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, झोपेतच, कुणाला हाक न देता. 'बघू' हा शब्द माझ्याकडे राहिला आहे. तो 'हो' नव्हता. 'नाही'सुद्धा नव्हता. तुम्हाला 'हो' म्हणायचं राहून गेलं.

विहारातून आम्ही सगळे तुमच्या घरी गेलो. मी काकूंना मदत करायला स्वयंपाकघरात थांबले. कुकर लावला होता. मी काकूंना काहीतरी विचारलं, बहुतेक कप कुठं आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं, मोठ्यानं बोल बाई. तू इतकी हळू, आणि यांना डावा कान अजिबात नाही. तुमचं दोघांचं जमायचं कसं, याचंच मला नवल."

मी म्हटलं, "डावा कान?"

"प्रेसच्या धडधडीनं खाल्ला. डावा तर पुरताच गेला होता. उजव्यानं बोललेलं कळायचं, पण उंच, चिरके आवाज गेले होते. फोनची रिंग नाही, दाराची बेल नाही." त्यांनी कुकरकडे बोट केलं. "हा बघ. मी बाहेर गेले आणि यांना शिट्ट्या मोजायला सांगितल्या, की समोर स्टूल टाकून बसायचे. शिट्टी वर उचलली जाते का ते बघायचे. डोळ्यांनी मोजायचे. तुला म्हणाले नव्हते?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी दचकले. काकूंनी गॅस बारीक केला आणि कपाट उघडून मला कप दिले. मी ते धरून तशीच उभी राहिले.

तुम्ही म्हणाला नव्हता, काका. कुणालाच म्हणाला नव्हता, संभाजीभाऊंनाही नाही. मी बाहेरच्या खोलीत आले. तुमचा तोच फोटो भिंतीशी टेकवून ठेवला होता. निळी बाही तुमच्या उजव्या बाजूला आहे. मला आठवलं, प्रत्येक प्रदर्शनात मी चुकून पलीकडे गेले की तुम्ही खांद्याला धरून मला इकडे आणायचात. "इथं उभी राहा, इथं उजेड चांगला आहे," म्हणायचात. हॉलमध्ये सगळीकडे ट्यूबलाइट होत्या, उजेड सगळीकडे सारखाच होता.

आणि ती धुक्याची सकाळ. मी शिट्टी वाजवत होते आणि तुम्ही डोळ्यांनी होडी शोधत होतात, स्टुलावर बसून कुकरची शिट्टी शोधावी तशी. पण धुक्यात काही दिसत नव्हतं. आजूबाजूचे सगळे हलले, जॅकेट सोडायला लागले, आणि तुम्ही उभेच राहिलात, कारण तुमच्यापुरती मी अजून पाण्यातच होते. तुम्हाला त्या वेळी काय वाटलं असेल, याचा मी गेले काही दिवस विचार करते आहे.

भांडणात मी चुकले नव्हते. शिट्टी लांब जाते, हे मी आजही म्हणेन, आणि कॅटलॉगमधून ती काढणार नाही. तुम्हीही चुकला नव्हता. एक शब्द सांगितला असतात तर भांडण संपलं असतं. पण स्वतःबद्दल खूप काही लपवणाऱ्या मला, तुम्ही तेवढं लपवलंत याचा राग धरता येत नाही. उलट मनात कुठंतरी मोकळं वाटतं. इतके दिवस मला वाटायचं की मला बोलकं करायचं काम तुम्ही अंगावर घेतलंय, जसं शाळेत प्रत्येक टीचरनं घेतलं होतं, आणि मी तुम्हाला निराश करते आहे. तुम्ही खरंच तसं काही घेतलं नव्हतं. चौकात तेच सांगत होतात. तुम्हाला मी आहे तशी चालत होते. फक्त मी काठाला लागले हे ऐकू यायला हवं होतं.

ऐकू येणाऱ्या एकाच कानाशी तुम्ही मला उभं केलंत, आणि तेही उजेडाचं निमित्त सांगून. याचे आभार कसे मानायचे असतात, मला माहीत नाही. इंग्रजीतही येत नाही आणि मराठीतही येत नाही.

मागच्या रविवारी लाल होडीची ट्रिप झाली. आधी नाही म्हणत होते सगळे. संभाजीभाऊ म्हणाले, "मागं कोण ऱ्हाणार? मागं माणूस नसंल तर जायाचंच कशाला?" काकू शेडमध्ये तुमच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "होडी न बसता विकायची नाही, असं हे म्हणायचे. मग बसा की. मी काठाला येते डबे घेऊन." मी भिंतीवरची सर्वांत जुनी होडी खाली घेतली, तुम्ही मागे राहून वल्हवायचात ती पिवळी. तिच्या पोटावरचे लिटर अजून पुसले गेलेले नाहीत. संभाजीभाऊंनी बघितलं आणि दुसरं टोक उचललं.

पाणी शांत होतं, ऊन स्वच्छ होतं, दोन टेकड्यांपलीकडचं दिसत होतं. त्या दिवशी काठावरच्या सगळ्यांचे कान धड होते. सगळ्यांना मी लांबूनच दिसतही होते. शिट्टी पुरली असती. खरं तर शिट्टीचीही गरज नव्हती.

पुढच्या होड्या लागल्या. सगळे पाण्याकडे तोंड करून उभे राहिले, जॅकेट न काढता. मधे काकू, हातात डब्यांची पिशवी, पाण्यापासून जरा लांबच. माझ्या होडीचं टोक वाळूत घुसलं. मी शिट्टी जॅकेटच्या खिशात कोंबली आणि तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते मलाच कसंबसं ऐकू आलं.

कुणी हललं नाही. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि हात कानाशी नेला, डाव्या नाही, उजव्या.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं!"

मी होडीतच उभी राहिले. असं उभं राहायचं नसतं, तुम्ही रागावला असतात. होडी हलली. मी वल्हं वाळूत रोवलं, श्वास घेतला आणि पलीकडच्या टेकडीवरून आवाज परत येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"काका, शेवटची लागली!"